चंद्राचा आहे की नाही

१० नोव्हें., सोम.
दामले येऊन गेले. वाचनालयाचे सेक्रेटरी झाल्यापासून हा माणूस चपला काढायच्या आधी विषय काढतो. महिनाअखेरच्या रविवारी व्याख्यान द्या म्हणे. कशावर, तर पेपरात आलाय त्या दगडावर. कात्रण खिशातच. मथळा : 'चंद्राचा तुकडा निघाला पृथ्वीच्या मागे!' निघाला? ह्यांना कोणी सांगितलं? आत वाचलं तर 'शक्यता', 'काहींच्या मते', 'असावा'. मथळ्यात त्यातलं एकही नाही. विज्ञान शिकवायचं थांबलं, पण 'असावा'चं 'आहे' करणाऱ्यांची चीड काही थांबलेली नाही. तिरीमिरीत हो म्हणून बसले. दामले एवढे चटकन खूश झाले की शंका आली. आधी दुसरं कोणी तरी नाही म्हणालेलं असणार.

संध्याकाळी शेजारच्या चंद्राने आमच्या दोन घरांमधला दगडी गडगा ढासळलाय तिथून घावण्यांची ताटली पुढे केली. "दगडावर काय हो बोलणार एवढं? आपल्याकडे दगड काय कमी आहेत?" शेजारीण अशी हवी. विषयाची हवाच काढून घेते. घावणे मऊ झाले होते.

१२ नोव्हें., बुध.
वाचन. दगडाचं नाव कामोओआलेवा, हवाई बेटांच्या भाषेतलं. दामले फोनवर 'ते कामोवाली' म्हणाले. इथे आपलं नुसतं 'का.' लिहायचं. आणि चं. = आकाशातला. शेजारीण पूर्ण लिहायची, चंद्रा. नाही तर मलाच नंतर घोळ व्हायचा.

का. म्हणजे मांडवीच्या समुद्रात टाकला तर बेट म्हणूनही कोणी विचारणार नाही, एवढासाच. फिरतो सूर्याभोवती, पण आपल्या पृथ्वीच्या इतकं बरोबरीने की आपल्यालाच प्रदक्षिणा घालतोय असं वाटावं. वाटावं! चं.चा म्हणणाऱ्यांचा आधार काय, तर त्याच्यावरून येणारा उजेड तपासला, तो चं.वरून आणलेल्या मातीच्या उजेडाशी जुळला. शिवाय घराजवळच घुटमळतो. आणि चं.च्या पाठीमागे एक खड्डा आहे, त्यातून उडाला असावा.

जुळला, घुटमळतो, असावा. ह्याला पुरावा म्हणायचं? चीनने यान धाडलंय, माती आणायला. यायला अजून वर्षं जायची. तोवर हे लोक बारसं करून पेढेही वाटून मोकळे होतील.

मी 'नाही' बाजू घेणार. दुसरे काही जण म्हणतातच, हा मंगळापलीकडच्या गर्दीतला साधा दगड आहे, उन्हात पडून पडून रंग पालटलेला.

१५ नोव्हें., शनि.
सकाळी पडवीत तालीम. शाळेपासूनची रीत : धडा आधी रिकाम्या वर्गात खड्या आवाजात म्हणायचा, शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे. नुसत्या वाचनाने वाक्य कुठे लंगडतं ते कळत नाही.

एक वाक्य फार छान जमलंय. "तो चंद्राचा नाहीच! कुठून तरी लांबून आला, इथे रुळला, आणि लोक आपले चंद्राचा चंद्राचा म्हणून बसले. रंगरूप जुळलं म्हणून कोणी कोणाचा होत नाही." 'नाहीच'वर जोर द्यावा की 'चंद्राचा'वर, ठरेना. दोन्ही तऱ्हांनी पुन्हापुन्हा म्हणून पाहिलं.

चंद्राचा मंगेश त्यांच्या गच्चीवर टाकीचा नळ बदलत होता. ठोकाठोक थांबली, म्हणजे ऐकत होता. स्पीकरचं दुकान टाकलंय त्याने, लग्नामुंजींत कान किटलेले असतात बिचाऱ्याचे, तरी त्याने ऐकावं म्हणजे विषयात काही तरी आहे. श्रोता मिळाला म्हणून मी आवाज आणखी चढवला.

१७ नोव्हें., सोम.
चंद्राची खिडकी कालपासून बंद. घावण्यांच्या ताटलीत घालून काकडीचं धोंडास पाठवलं होतं, ती ताटली गडग्यावर तशीच. मुंग्या.

मी काय केलं? फणसाच्या फांदीवरून बोलले होते ते? ते तर गणपतीतलं. हाक मारली. आतून "कामात आहे हो." चंद्रा कामात असते तेव्हा हातातलं काम घेऊन बाहेर येते. काही तरी शिजतंय.

१८ नोव्हें., मंगळ.
शिजतंय ते कळलं.

मंगेश आला. उगाच पडवीतला बल्ब काढून पाहिला, चांगला होता, परत लावला. मग म्हणाला, "बाई, आम्ही अलोऱ्याहून इथे आलो तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"
"होते की."
"मी केवढा होतो?"
"टॅव टॅव करण्याएवढा."
"दिसायला कोणासारखा?"
कान टवकारले माझे. तिशीचा बाप्या उगाच नाही विचारत असलं. "लहान पोरं सगळी सारखीच दिसतात," म्हटलं. तो हसला नाही. स्टूल जागेवर ठेवून गेला.

ह्या वहीत आजवर लिहिलं नव्हतं, आज लिहिते. मंगेश चंद्राच्या पोटचा नाही. तिचे यजमान कोयनेच्या वसाहतीत नोकरीला होते, अलोऱ्याला, तेव्हा रीतसर कागद करून घेतलेलं मूल. इथे बदली होऊन आली ती त्याला खांद्यावर टाकूनच. आल्या वर्षीच माझा हात धरून सांगितलंन, "बाई, तुमच्या पोटात राहू दे." राहिलंय. आळीत सगळे म्हणतात, नाक अगदी आईचं. मी मान डोलावते. यजमान गेले, ते न सांगताच गेले. चंद्राची एकच भीती, कळलं तर पोरगा तुटेल.

आता चंद्रा सोडून ठाऊक असणाऱ्या फक्त दोघी. मी आणि चंद्राची नणंद नलू. मी तर तोंड उघडलेलं नाही. नलू दिवाळीला इथे येऊन गेली.

दोन आणि दोन चार.

२२ नोव्हें., शनि.
नलूला खेडला फोन केला. आडून आडून. तब्येत, पाऊस लांबला तो, जगबुडी नदीचं पाणी. मग म्हटलं, दिवाळीत मंगेशशी काही जुन्या गप्पा निघाल्या होत्या का गो? ती एकदम तडकली. "बाई, मला शेंबडी पोर समजलात काय? माझ्या तोंडाला कुलूप नाय ते खरं, पण एवढ्या एका गोष्टीला हाय. तुम्ही तुमचं बघा!" फोन आपटलान.

एवढं चिडायचं कारण काय? चोराच्या उलट्या... जाऊ दे. पण आवाज खरा वाटला, ते काही बरं झालं नाही.

२३ नोव्हें., रवि.
नलूने चंद्राला कळवलंन. अपेक्षितच.

चंद्रा गडग्यापाशी आली. डोळे सुजलेले. "नलूवर कशाला ढकलता? सांगितलंत ते तुम्हीच."
"मी?"
"मंगेश म्हणाला, बाईंच्याच तोंडून ऐकलंय मी. स्वतःच्या कानांनी. मोठमोठ्याने."
"खोटं बोलतोय तो. तुझ्याकडून काढून घ्यायला बघतोय."
"माझा मंगेश खोटं बोलत नाही."

ह्याच्यावर काय बोलणार? विचारलं, तू काय सांगितलंस त्याला? तर म्हणाली, "काय सांगणार? जेवायला बसला होता. 'आई, मी तुझाच ना?' म्हणाला. मला बोलवेना हो. उठून आत गेले. बाहेर आले तर ताट तसंच, हा बाहेर गेलेला." मग पदर तोंडाला लावून गेली. खिडकी बंद. ताटली मात्र घासून ठेवलेली होती.

मी कोणाला, कधी, काय म्हणाले? झोपेत बोलते की काय मी? रडू आलं. रागाचंही होतं त्यात.

२५ नोव्हें., मंगळ.
जेवणावर वासना नाही. मंगेशने हा डाव का टाकावा? कागद सापडले असतील घरात, आणि माझं नाव पुढे केलंन. की आणखी कोणी तिसरं आहे? अलोऱ्याकडचं कोणी? आज मासेवालीने विचारलं, "बाई, शेजारी बरं नाय काय?" ही का विचारते? तिच्याकडेही दोन मिनिटं रोखून पाहिलं मी. ती घाबरून बांगडे जास्त घालून गेली.

वाचनालयाच्या फळ्यावर विषय लागलाय : 'चंद्राचा तुकडा'. मी '?' सांगितलं होतं. सगळं व्याख्यान त्या चिन्हात आहे! दामले म्हणतात, खडू संपला. खडू नेमका प्रश्नचिन्हापाशी संपतो? तिथेच उभी राहून माझ्या पर्समधल्या खडूने काढलं. (हो, पर्समध्ये असतो.)

रद्द करावं वाटत होतं. आता मुळीच करणार नाही.

२७ नोव्हें., गुरु.
पुन्हा वाचन. मन लागावं म्हणून. 'नाही' बाजूसुद्धा वाटली तेवढी भक्कम नाही. उन्हात पडून रंग बदलतो हे खरं, पण म्हणून हा तसाच बदललेला आहे हे कोणी दाखवलंय? तेही 'असावा'च. म्हणजे मी दामल्यांच्या मथळ्यावर ओरडते आणि स्वतः 'नाहीच' म्हणते. च कुठून आणला मी?

वाक्य छान आहे म्हणून ठेवलंय, दुसरं काही नाही. कळतंय. तरी ठेवणार. इतकी तालीम केली आहे.

३० नोव्हें., रवि.
घाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार.

माइकला मंगेश. दामल्यांनी त्यालाच सांगितलेलं. माझ्याकडे न बघता माइक लावलान, मीही न बघता मानेने बरं म्हटलं. खुर्च्या बऱ्यापैकी भरलेल्या. चंद्रा नव्हती. दामल्यांनी 'कामोवाली लघुग्रह' अशी ओळख करून दिली, लोक हसले, बरं झालं.

सुरुवात चांगली झाली. पाळण्यातल्या पोरांना आपण चांदोमामा म्हणून दाखवतो, तर ह्या दगडाच्या माहेरची चौकशी करू, वगैरे. मग ते वाक्य आलं. तालमीसारखंच, शेवटच्या बाकापर्यंत : "तो चंद्राचा नाहीच!"

मंगेशचे स्पीकर चांगले आहेत. माझाच आवाज भिंतीवर आपटून माझ्याकडे आला. दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा ऐकू आला. चंद्राचा. चंद्राचा नाहीच. मंगेशकडे पाहिलं. बटणावर हात, तोंड उघडं.

देवा रे. गच्चीवर होता तो. ठोकाठोक थांबली होती. आणि मी आवाज चढवला होता.

थांबले. दामल्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, त्यांना वाटलं विसरले. पुढचं ओठांवर होतं, 'कुठून तरी लांबून आला, इथे रुळला', पण ते काही म्हणवेना. म्हटलं, "हे वाक्य मी मागे घेते. आकाशातल्या चंद्राबद्दल बोलतेय मी, त्या दगडाबद्दल. तो आकाशातल्या चंद्राचा असावा, नसावा. ठरलेलं नाही." 'आकाशातल्या' दोनदा म्हटलं. लोकांना काय कळणार? पहिल्या रांगेतले जोशी बायकोकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवत होते. पाहिलं मी.

आणि मंगेश हसायला लागला. आधी दाबून, मग खो खो. बटण फिरलं, स्पीकर किंचाळला, पुढची पोरं कानात बोटं घालून बसली.

शेवटी कोणी तरी विचारलंच, "मग बाई, आहे की नाही?" म्हटलं, "आहे म्हणायला पुरावा नाही. नाही म्हणायलाही नाही. माती येईल तेव्हा बघू." टाळ्या कमीच पडल्या. लोकांना आहे किंवा नाही घेऊन घरी जायचं असतं.

खुर्च्या उचलत होते तेव्हा मंगेश आला, डोळे पुसत. "बाई! मला वाटलं फोनवर कोणाशी तरी बोलताय! चंद्राचा नाहीच, चंद्राचा नाहीच, सारखं आपलं तेच. जेवण गेलं माझं! म्हणजे ते ह्या दगडाचं होतं?"
"दगडाचंच होतं रे मेल्या. आईची शपथ." कोणाच्या आईची, ते मलाही ठाऊक नाही.
"सुटलो!" म्हणाला. वायर गुंडाळायला बसला. गुंडाळता गुंडाळता मधेच हात थांबला. "म्हणजे... तसं काही नाही ना, बाई?"

मी म्हटलं, "वायर नीट गुंडाळ, पीळ पडतोय."

सबंध जन्म पोरांना सांगत आले, विचारलंय त्याचं उत्तर द्या. त्याने वर पाहिलं. मग वायर नीट गुंडाळलीन.

१ डिसें., सोम.
सकाळीच चंद्राकडे गेले, पुढच्या दाराने. सगळं सांगितलं. तालीम, गच्ची, आकाशातला आणि शेजारचा. आधी तिला समजेचना. मग इतकी हसली की उचकी लागली. "शिरा पडो त्या दगडाच्या तोंडावर! आणि तुमच्या तालमीच्यापण!" मी पाणी दिलं. मला वाटलं, मिटलं.

आणि हसता हसता गप्प झाली. कपाळावर हात मारून घेतलान.
"म्हणजे त्याला काहीच ठाऊक नव्हतं."
"नव्हतं."
"पोरगा उगाच घाबरून विचारत होता. 'हो रे, वेडा की काय' म्हटलं असतं तर हसून जेवला असता."
"हो."
"आणि मी उठून गेले."

मी माझ्या वायरचं सांगितलं. लपवण्यात काय अर्थ होता? दूध उतू गेलं, कोणी उठलं नाही.

"समजला असेल का हो तो?"
"समजला असावा."
"तुमचा तो असावा नको आता मला," म्हणाली. चिडून नाही. मग म्हणाली, "ते चीनचं यान माती आणायचंय तोवर थांबणार ना तुम्ही? मग मीही थांबते. असेल मंगेशचं तसं, नसेल. काढायचाच नाही विषय."
मी म्हटलं, "चंद्रा, माती येऊन कोण सांगणार आहे इथे? तुला ठाऊक आहे. सांगून टाक त्याला."
"आणि गेला तर?"

मला सगळ्यांचा संशय येतो, पण मंगेशबद्दल ती बाजू धरवेना. आणि खात्रीही देववेना. हात धरून बसले.

२ डिसें., मंगळ.
खिडकी उघडी. ताटली आली, उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची पिठी. मंगेश घरी जेवतोय, चंद्रा म्हणाली. पण खाली मान घालून, आणि फार छान झालंय म्हणतो प्रत्येक पदार्थाला. आधी कधी म्हणत नसे. तिला त्याचीच धास्ती वाटते. मलाही.

४ डिसें., गुरु. दत्तजयंती.
दिवेलागणीला मंगेश आला. त्या दिवशीचा बल्ब आता खरंच गेला होता. बदललान. मग पायरीवर बसला, उठायचं चिन्ह नाही. समोर चंद्राच्या माडांमागून चं. वर येत होता, चांगला परातीएवढा.

"बाई, समजा माती आणली आणि कळलं, तो दगड चंद्राचा नाही. आकाशातल्या." हसला थोडा. "मग काय करणार?"
"काय करणार? पुस्तकात लिहिणार."
"हाकलणार नाही ना कोणी त्याला?"
"त्याला कोण हाकलतो? त्याची वाट त्याची. पण फिरतो तो सूर्याभोवतीच, आपल्याभोवती नव्हे, हे लक्षात ठेव." सवयीने बोलून गेले. जीभ चावली.
"मग एवढी यानबिन पाठवायची उठाठेव कशाला?"
"कळावं म्हणून. अर्धवट कळलेलं वाईट असतं रे, माणूस नसतं नसतं काय काय जुळवत बसतो. माझंच बघ."

तेवढ्यात चंद्रा गडग्यातून आली, प्रसादाची वाटी घेऊन. किती ऐकलं होतंन ते ठाऊक नाही. मंगेशने माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलंन. "खरं आहे," म्हणाला. "कळलेलं बरं."

वाटी तिच्या हातातच राहिली. मला वाटलं, आता ही वळून परत जाणार, त्या जेवणाच्या वेळेसारखी. पाय वळलाही होता. मग खाली बसली, त्याच्या शेजारी, पायरीवर.

"मंगेश," म्हणाली, "तू विचारलंस तेव्हा मी उठून गेले होते."

मी उठले. दुधावर झाकण नाही, असं काही तरी पुटपुटले आणि आत येऊन दार लोटून घेतलं. आता स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. पडवीतून चंद्राचा आवाज येतोय, हळू. शब्द लागत नाहीत. खिडकीपाशी गेले तर लागतील. गेलेले नाही.

मंगेशचा आवाज अजून एकदाही आलेला नाही.

मघाशी वाटी खाली ठेवल्याचं वाजलं. पडली नाही, ठेवली. दोघांना बाहेर जायचं तर माझ्याच फाटकातून किंवा गडग्यावरून. गडग्यावरून गेले तर घरी गेले. फाटकातून गेला, तर मंगेश गेला. फाटकाची कडी मोठ्याने वाजते, तेल घालायचं राहिलंय ते बरंच झालं.

कडी वाजलेली नाही.